वाटेगावातून पायी मुंबईला गेलेला पोरगा: अण्णाभाऊ साठे यांनी पाहिलेली मुंबई

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या तुकाराम भाऊराव साठे या मुलाला आज सगळा महाराष्ट्र अण्णाभाऊ म्हणून ओळखतो. जयंती आली की चौकाचौकात फ्लेक्स लागतात, मिरवणुका निघतात, मोबाईलवर फोटो फिरतात. दीड दिवसाची शाळा, ‘फकिरा’ कादंबरी आणि रशियाचा दौरा एवढं बहुतेकांना पाठ असतं. पण गावाकडून मुंबईत आलेला एक नवखा पोरगा तिथं रोजचा दिवस कसा काढत होता, कुठं झोपत होता, काम कसं मिळवत होता, हा भाग भाषणांत दोन वाक्यांत उरकला जातो. खरं तर अण्णाभाऊंचं निम्मं लिखाण त्यातूनच आलंय.

घरची परिस्थिती सांगायची तर मातंग समाजातलं कुटुंब, गावाबाहेरची वस्ती, हातावरचं पोट. इंग्रज सरकारनं या समाजावर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारलेला. गावात कुठं चोरी झाली की पहिला संशय मांगवाड्यावर. शाळेत घातलेल्या तुकारामला तिथली जातीची वागणूक आणि मास्तरांचा मार सोसला नाही आणि दीड दिवसात शाळा सुटली ती कायमची. दांडपट्टा, रानात भटकणं, गाणी पाठ करणं यात मात्र पोरगं हुशार होतं.

१९३०च्या सुमारास परिस्थिती फारच बिकट झाली. जगभर मंदी होती, शेतमालाचे भाव कोसळले होते आणि ज्यांना शेतच नव्हतं त्यांना गावात मजुरीही मिळेना. वडील भाऊराव यांना मुंबई थोडीफार ठाऊक होती. कामासाठी ते आधी तिथं राहिलेले. त्यांनी बायको-पोरांना घेऊन मुंबई गाठायचं ठरवलं. तुकाराम तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. रेल्वे होती, पण तिकिटाला पैसे नव्हते. म्हणून सगळं कुटुंब चालत निघालं.

सव्वादोनशे मैलांच्या आसपासची ती वाट. आज वाटेगाव फाट्यावरून गाडी धरली तर सहा-सात तासांत माणूस मुंबईत उतरतो. साठे कुटुंबाला महिनोन्‌महिने लागले. चार दिवस चालायचं, कुठं काम मिळालं तर थांबायचं, खडी फोडायची, माती वाहायची, हातात दोन पैसे आले की पुन्हा चालायला लागायचं. पुणं मागं पडलं, घाट उतरला, कल्याण आलं. तिथं कोळशाच्या कामावर राहिले आणि मग मुंबईत शिरले. मुंबईला पोचण्याआधीच दहा वर्षांच्या पोराला मजुरीची सगळी तऱ्हा कळून चुकली होती.

भायखळ्याची चाळ

मुंबईत पहिला मुक्काम भायखळ्याच्या चांदबिबी चाळीत. त्या वेळची मुंबई कशी होती हे समजून घेतलं पाहिजे. १९३१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेअकरा लाखांच्या पुढं होती. पुढच्या वीस वर्षांत शहर आणि उपनगरं मिळून ती तीस लाखांच्या घरात गेली. इतक्या झपाट्यानं माणसं आली, पण घरं त्या वेगानं कुणी बांधली नाहीत. गिरणगावात दहा बाय दहाच्या खोलीत दहा-पंधरा गडी राहायचे. दिवसपाळीचा गडी कामावर गेला की रातपाळीवाला त्याच जागेवर अंग टाकायचा. एका मजल्याला एक-दोन नळ, पहाटेपासून बादल्यांची रांग. संडासाला वेगळी रांग.

बहुतेक गडी एकटेच आलेले असायचे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, पुण्याकडचा घाट, सगळीकडून आलेले. बायका-पोरं गावाकडं. १९३१ साली मुंबईत हजार पुरुषांमागं बायका साडेपाचशेच्या आसपास होत्या, यावरून काय ते समजावं. एका गावचे लोक मिळून एक खोली भाड्यानं धरायचे. नवीन माणूस गावाकडून आला की वळकटी घेऊन थेट त्या खोलीवर यायचा. जेवण खानावळीत. खानावळ चालवणारी बाई बहुधा घाटावरची नाहीतर कोकणातलीच असायची, पैसे पगाराला द्यायचे. पगार झाला की गावाकडं मनीऑर्डर. ज्याला लिहिता येत नव्हतं तो पोस्टाबाहेर बसलेल्या लिहिणाऱ्याकडून पत्र लिहून घ्यायचा.

गावच्या खोलीचा हा आधार सगळ्यांना सारखा नव्हता. जात गाडीत बसून, नाहीतर पायी चालत, माणसाबरोबर मुंबईत यायचीच. गिरण्यांमध्ये चांगला पगार विणाईखात्यात होता. पण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, त्यामुळं अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात घेऊ द्यायला बाकीचे कामगारच तयार नसायचे. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. संपाच्या मागण्या मोठ्या होत्या, तरी हे दार पटकन उघडलं नाही. राहायच्या जागेचंही तसंच. कुठल्या चाळीत कुणाला खोली मिळायची हे आडनावावर ठरायचं. म्हणून भायखळा, माटुंगा लेबर कॅम्प, नायगाव अशा काही ठिकाणी दलित कामगारांच्या वस्त्या एकवटल्या.

या मुंबईत तुकारामनं काय काय कामं केली त्याची यादी लांबलचक आहे. कापडाचं गाठोडं घेऊन फेरीवाल्यामागं दारोदार हिंडला. हॉटेलात पोऱ्या म्हणून राबला. हमाली केली, कोळसा वाहिला, बुटांना पॉलिश केलं. घरगडी झाला, शेठ लोकांची पोरं खेळवली, त्यांची कुत्री सांभाळली. सिनेमाच्या थिएटरवर दारवान म्हणून उभा राहिला. खाणीत दगड फोडले. पुढं गिरणीत लागला. दादरच्या कोहिनूर मिलचं नाव त्यात येतं.

गिरणीत लागणं म्हणजे आज कंपनीत कंत्राटावर लागण्यासारखंच. मोठेपणी गिरणीत पोचलेल्या कुठल्याही नवख्याला आधी बदली म्हणून गेटवर उभं राहावं लागायचं. कायमचा कामगार खाडा करील तेव्हा त्याच्या जागी एक दिवस काम. मुकादमाची मर्जी सांभाळायची, कधी त्याचा हात ओला करायचा, कधी त्याच्या ओळखीच्या दुकानातून उधारी घ्यायची. काम मिळालं नाही तर गेटवरून परत. अशा गेटवरून परत येणाऱ्या माणसाचा चेहरा अण्णाभाऊंच्या कथांमध्ये वारंवार दिसतो, आणि तो त्यांनी कुणाकडून ऐकून लिहिलेला नाही.

पाट्या वाचून साक्षर

शाळेनं जे दिलं नाही ते रस्त्यानं दिलं. दुकानांच्या पाट्या, भिंतींवरची सिनेमाची पोस्टरं, ट्रामवरची अक्षरं. पोरगा अक्षर अक्षर जुळवत गेला. चाळीतल्या, वस्तीतल्या जाणत्या सोबत्यांनी हात धरून पुढचं शिकवलं. थिएटरच्या दाराशी उभं राहून मूकपट, मग बोलपट पाहिले. नवीन शहरात आलेल्या माणसाला पाटी वाचता न येणं म्हणजे काय असतं हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळतं. कुठली ट्राम कुठं जाते हे विचारत हिंडावं लागतं आणि विचारलं की लोक हसतात. तुकारामनं ती अडचण काही वर्षांत संपवली आणि मग पुस्तकांकडं वळला. पुढं रशियन लेखक मॅक्सिम गॉर्की त्यांचा आवडता झाला. गॉर्कीही असाच मिळेल ते काम करत, शाळेशिवाय वाढलेला.

गिरणगावातली दुसरी शाळा म्हणजे सभा. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन १९२८ साली उभी राहिली होती. परळच्या कामगार मैदानावर सभा व्हायच्या, मोर्चे निघायचे. गावाकडं ज्याला सावलीलाही उभं करत नव्हते त्या पोरानं इथं हजारो माणसं एका मागणीसाठी रस्त्यावर उतरलेली पाहिली. तो आधी ऐकायला गेला, मग सतरंज्या उचलायला, पत्रकं वाटायला, भिंतींवर घोषणा रंगवायला. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्याची उठबस वाढली. ही वस्ती धारावीला लागून, गटारं, चिखल आणि डासांनी भरलेली. अण्णाभाऊंनी पहिलं गाणं रचलं ते याच डासांवर, असं सांगितलं जातं. नव्या शाहिरानं देवाचं नाहीतर राजाचं नमन करावं ही जुनी रीत. यांनी रात्रभर झोपू न देणाऱ्या मच्छरापासून सुरुवात केली आणि वस्तीतल्या लोकांनी ते गाणं डोक्यावर घेतलं.

मधल्या काळात गिरणीचं काम गेलं. मुंबईत काम गेलं की घरभाडं, खानावळ सगळंच अंगावर येतं. घरच्यांना गावी परतावं लागलं, अण्णाभाऊही गेले. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात ते उभे राहिले. गाणं, बतावणी, वग, गर्दी कशी धरून ठेवायची, हे सगळं तिथं अंगात मुरलं. बेचाळीसच्या चळवळीनंतर पोलिसांचा ससेमिरा मागं लागला आणि पुन्हा मुंबई. पहिल्यांदा ते पोट भरायला आले होते. या वेळी डफ सोबत होता.

१९४४ साली बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक निघालं. त्याआधी स्टालिनग्राडच्या लढाईवरच्या पोवाड्यानं त्यांचं नाव झालं होतं. कलापथकाचे कार्यक्रम चाळींच्या पटांगणात, गिरण्यांच्या गेटवर, मैदानात व्हायचे. तिकीट नाही, पडदा नाही. बघणारे सगळे पाळी संपवून आलेले. सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा त्याच ढंगाचे खेळ लोकनाट्य या नावानं पुढं चालले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ ही त्यातली नावं जुन्या माणसांच्या अजून लक्षात आहेत.

एकाच तालुक्याचे दोन शाहीर

इथं वाळवा तालुक्यानं अभिमानानं सांगावी अशी एक गोष्ट आहे. लावणीसम्राट पठ्ठे बापूराव हे रेठरे हरणाक्षचे. म्हणजे एकाच तालुक्याचे दोन शाहीर मुंबईत गाजले आणि दोघांनीही मुंबईवर लावणी रचली. पठ्ठे बापूरावांच्या लावणीत मुंबईची शोभा आहे, तिथले बंगले, बाजार, नवलाई आहे. गावाकडून आलेल्या माणसाचे डोळे जसे दिपतात तसे. अण्णाभाऊंनी तीच मुंबई खालून पाहिलेली. त्यांच्या लावणीत मलबार हिलच्या माड्या आहेत, तशी फुटपाथावर झोपलेली माणसं, परळची गर्दी, रोगराई, पोट जाळण्यासाठी चाललेली धडपड आहे. दोन्ही लावण्या खऱ्याच आहेत. कुठली कुणाला जवळची वाटेल हे ज्याच्या त्याच्या खोलीच्या भाड्यावर अवलंबून.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड घराघरात पोचली. वरून पाहिलं तर ती बायकोला गावी ठेवून मुंबईला निघालेल्या गड्याची विरहाची कहाणी आहे. निरोपाची घडी, तिनं बांधून दिलेली शिदोरी, दागिन्याची राहून गेलेली हौस, मग मुंबईत पडलेली गाठ बेकारीशी आणि गर्दीशी. गिरणगावातल्या प्रत्येक खोलीत असा एक तरी गडी होताच. त्यामुळं पुढं जेव्हा बेळगाव, कारवार, निपाणी महाराष्ट्राबाहेर राहणं म्हणजे तसंच मैनेला मागं सोडून येणं असा अर्थ छकडीत उलगडायचा, तेव्हा राजकारणाचं वेगळं भाषण करायची गरज उरायची नाही. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव-कारवारचं दुखणं तेव्हाही राहिलं आणि आजही आहे.

कथांमधली मुंबई याहून कडवट आहे. ‘चित्रा’ या कादंबरीत मुंबईच्या वेश्यावस्तीत ढकलल्या गेलेल्या खेड्यातल्या मुलीची कथा आहे. पण मुंबईत नव्यानं आलेल्या माणसाचं जिणं पाहायचं असेल तर ‘स्मशानातील सोनं’ ही कथा वाचावी. भीमा नावाचा वारणाकाठचा पैलवान गडी बायको-पोरीला घेऊन मुंबईत येतो. शहरात काम मिळत नाही म्हणून उपनगरातल्या दगडाच्या खाणीवर लागतो. खाण चालू असते तोवर घर सुखात असतं. एक दिवस खाण बंद होते. बेकार भीमाला मसणवटीच्या राखेत सोन्याची अंगठी सापडते आणि तिथून तो रात्री मढी उकरायला लागतो. मेलेल्यांच्या अंगावरच्या सोन्यावर जिवंतांचं घर चालतं. शेवटी कोल्ह्यांशी झुंजताना प्रेताच्या जबड्यात हात अडकतो आणि त्याला दोन बोटं गमवावी लागतात. त्याच वेळी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झालीय. दगड फोडायला लागणारी बोटं मात्र गेलेली.

आज एमआयडीसीतली कंपनी बंद पडली, ठेकेदार पळाला, असं ज्याच्या घरात घडलंय त्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. भीमा चोर आहे की मजूर, हे अण्णाभाऊ वाचकावर सोडतात. त्यांच्या कथेत दया मागणारी माणसं सहसा सापडत नाहीत. अंगात रग असलेली, चुकणारी, मार खाऊनही उभी राहणारी माणसं सापडतात.

चिराग नगर

स्वतः अण्णाभाऊ बराच काळ घाटकोपरच्या चिराग नगर झोपडपट्टीत राहिले. पत्र्याची झोपडी, शेजारी देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसं. हमाल, गिरणी कामगार, फेरीवाले, भंगार गोळा करणारे, दारू गाळणारे, भीक मागणारे. फाळणीनंतर आलेले निर्वासित, दक्षिणेतून आलेले मजूर, घाटावरचे गडी, सगळे एका गल्लीत. याच माणसांवर त्यांनी ‘चिराग नगरची भुतं’ लिहिलं. लेखक म्हणून कुणी वस्ती बघायला यावं आणि लिहून निघून जावं, तसं हे नव्हतं. पाण्याच्या रांगेत तेही उभे असायचे आणि पावसाळ्यात त्यांच्याही झोपडीत पाणी शिरायचं.

आणि याच झोपडीत बसून त्यांनी वारणेचं खोरं, डोंगर, जत्रा, जोगणी, घोड्यावरचे बंडखोर लिहिले. ‘फकिरा’ १९५९ साली आली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलीय. दुष्काळात गावाला जगवण्यासाठी धान्य आणि खजिना लुटणारा फकिरा हा वाटेगावच्या मातीतला. मुंबईत तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या डोक्यात गाव किती ताजं होतं हे त्या पानापानावर दिसतं. गावात राहून कदाचित हे लिहून झालं नसतं. गावातल्या मांगवाड्यावर तेव्हा अक्षर पोचलंच नव्हतं, ते पोचायला मुंबईची पाटी लागली.

१९६१ साली ते रशियाला जाऊन आले आणि त्यावर प्रवासवर्णन लिहिलं. तीसहून जास्त कादंबऱ्या, कथासंग्रह, लोकनाट्यं, पोवाडे. कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, ‘वैजयंता’, ‘फकिरा’, पुढं ‘वारणेचा वाघ’. पडद्यावर नाव झळकलं, थिएटरला गर्दी झाली, एके काळी ज्या दारात उभं राहून तिकिटं फाडली तिथंच. घरात मात्र पैशाची ओढाताण संपली नाही. नाव मोठं झालं की पैसा येतोच असं गावाकडं सगळ्यांना वाटतं. मुंबईत मोठं नाव आणि गळकं छप्पर एकाच माणसाच्या वाट्याला आलेलं चिराग नगरनं पाहिलंय.

शेवटची वर्षं तब्येतीची आणि एकटेपणाची गेली. व्यसनानं शरीर पोखरलं होतं, जुने सोबती पांगले होते. हा भाग जयंतीच्या भाषणांत वगळला जातो, पण वगळून त्यांचा काही मोठेपणा वाढत नाही. १९६८ साली गोरेगावच्या सिद्धार्थ नगरात त्यांना सरकारी घर मिळालं. मुंबईत पहिलं पाऊल टाकल्याला तेव्हा पस्तीसहून जास्त वर्षं झाली होती. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचं निधन झालं. वय पुरतं एकोणपन्नासही नव्हतं.

२००२ साली टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. वाटेगावात दर १ ऑगस्टला बाहेरगावाहून लोक येतात, मुंबईतूनही येतात. त्यात घाटकोपर, गोवंडी, धारावीत दोन-तीन पिढ्यांपूर्वी वळकटी घेऊन गेलेल्या घरांची पोरं असतात. पत्ता मुंबईचा असला तरी गाव विचारल्यावर ती अजून वाळवा, शिराळा, कराड असंच सांगतात.